अर्पाचं काय चुकलं?

माझ्या सासूबाई नगरच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवत होत्या, आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांची शब्बाथशाळा घ्यायच्या. दर वर्षी बायबलातल्या रूथचा पाठ यायचा. नामीच्या दोन विधवा सुना, अर्पा आणि रूथ; अर्पा माहेरी परतली, रूथ सासूबरोबर गेली. पाठ आला की मुलांना बाईंचा एक ठरलेला प्रश्न असायचा. "अर्पाचं काय चुकलं?"

मुलं हात वर करून ओरडायची, "बाई, ती परत गेली!"

"बरं. तिला परत जा असं कोण म्हणालं?"

जरा वेळ शांतता. मग मागून कोणीतरी पुटपुटायचं, "नामी."

"म्हणजे सासूच. मग सासूचं ऐकलं कोणी? अर्पाने की रूथने?"

पोरं पुरती गोंधळली की बाई खूश. लिमलेटच्या गोळ्यांचा डबा उघडायच्या आणि वर्ग सुटायचा. उत्तर त्यांनी कधीच सांगितलं नाही. माझा नवरा याच वर्गात बसायचा, त्यालाही नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरात आईंना, म्हणजे सासूबाईंना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण शब्द हाताशी यायचे नाहीत. पोरांच्या वेलांट्या सुधारण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना 'चमचा' आठवायला मिनिटभर लागायचं. चुकून 'खिडकी' म्हणायच्या आणि आपणच चिडायच्या.

मी नर्स. तेव्हा एका खासगी दवाखान्यात होते, पगार अठरा हजार. ड्यूटीवर दहा पेशंट बघायचे आणि घरी येऊन अकरावा. दर दोन तासांनी कूस बदलायची, जेवताना पाठ सरळ ताठ, चमचा लहान, पाणी जरा दाट करून, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. हे मला येत होतं म्हणून आईंना एकदाही पाठीला जखम झाली नाही. मंडळीतल्या बायका म्हणायच्या, "सून असावी तर अशी, अगदी रूथ." महिला संघाच्या सभेत एकदा माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत त्या टाळ्यांचा हात आहे.

आईंच्या झटक्याआधीच मी ओईटीचा क्लास लावला होता. परदेशात नर्सिंग करायचं तर ही इंग्रजीची परीक्षा. पहिल्या खेपेला लेखनात घसरले, २०२२ च्या ऑगस्टमध्ये पास झाले. खरं तर पास होईन असं वाटलं नव्हतं. पास न होण्यात एक सोय होती, ती गेली. पुढच्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या डर्बीच्या एका हॉस्पिटलने व्हिडिओवर मुलाखत घेतली आणि चार दिवसांत पत्र पाठवलं. पगार वर्षाला सुमारे २८ हजार पौंड. विमानाचं भाडं, व्हिसा त्यांचा. नवरा आणि मुलगी नंतर येऊ शकतील. सासू येऊ शकणार नाही.

घरावर पतसंस्थेचं कर्ज होतं, मुलगी दहावीला होती, नवऱ्याची एमआयडीसीतली नोकरी कधी आहे कधी नाही अशी. आकडे एका बाजूला आणि पलंगावरची आई दुसऱ्या बाजूला. उत्तर द्यायला तीन आठवडे होते.

मग मी ते सगळं केलं जे आपण करतो. तीन शुक्रवार उपास केला. घरी प्रार्थना ठेवली. ताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेने, श्रीरामपूरहून येऊन चिठ्ठ्या टाकल्या. 'जा', 'थांब' आणि एक कोरी. निघाली कोरी. ताई म्हणाल्या, "देव म्हणतोय, वाट बघ." नवरा म्हणाला, "देव म्हणतोय, चिठ्ठ्या टाकू नका." मला त्याचं हसू आलं नाही तेव्हा, आता येतं. बायबलात येशूच्या प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाला चिठ्ठ्या टाकूनच निवडलं होतं, हे खरंय. पण ते पवित्र आत्मा उतरायच्या आधी. त्यानंतर 'प्रेषितांची कृत्ये' या अख्ख्या पुस्तकात पुन्हा कोणी चिठ्ठी टाकलेली मला तरी सापडली नाही.

लोकरही ठेवून बघितली, म्हणजे बायबलातल्या गिदोनासारखी देवाकडे खूण मागितली. म्हटलं, शनिवारच्या आत पासपोर्टचं नूतनीकरण होऊन आलं तर जायचं. शुक्रवारी आलं. मग म्हटलं, पासपोर्ट काय, सगळ्यांचाच येतो. आता दुसरी खूण. गिदोनानेही दोनदा मागितली होती ना, एकदा लोकर ओली आणि जमीन कोरडी, मग उलट. आम्ही मात्र विसरतो की काय करायचंय ते गिदोनाला देवाने लोकरीच्या आधीच सांगून झालं होतं.

३१ डिसेंबरच्या वॉचनाइटला, म्हणजे वर्ष संपतानाच्या रात्रीच्या प्रार्थनेला, मला वचनाचं कार्ड मिळालं होतं, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ चं. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, तेच ते. आमच्या गल्लीत हे वचन नसलेलं घर दाखवा. आमच्याकडेच त्या वर्षी या वचनाची तीन कॅलेंडरं होती. ताई म्हणाल्या, हिताचे संकल्प म्हणजे जा. शेजारच्या काकू म्हणाल्या, हिताचे संकल्प म्हणजे थांब, इथेच मिळेल. दोघींचाही आवाज सारखाच ठाम. मग मी चिडून ठरवलं, एका ओळीवर भांडण्यापेक्षा अख्खा यिर्मया वाचू. रात्रपाळीत, तीन ते पाचच्या मध्ये, वॉर्ड झोपलेला असताना.

पहिला धक्का त्याच अध्यायात बसला. अकरावं वचन ज्यांना लिहिलं ते बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेले लोक. त्यांना आधीच्या वचनात सांगितलंय की परतायला सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ते पत्र ऐकणारे बहुतेक जण तिथेच मरणार होते. कॅलेंडरवर दहावं वचन छापत नाहीत.

दुसरा धक्का बेचाळिसाव्या अध्यायात. यरुशलेम पडलंय, बाबेलच्या राजाने नेमलेला अधिकारी मारला गेलाय, उरलेसुरले लोक घाबरलेत. ते यिर्मयाकडे येऊन हात जोडतात. आमच्यासाठी प्रार्थना कर, आम्ही कुठल्या वाटेने जावं ते देवाला विचार. बरं असो, वाईट असो, तो सांगेल ते आम्ही करू. किती छान लोक, असं वाटतं. आपल्याच प्रार्थनासभेत बसलेले. दहा दिवस उत्तर येत नाही. दहा दिवसांनी येतं, की मिसरात, म्हणजे इजिप्तला, जाऊ नका, इथेच राहा, मी तुम्हाला उभारीन. आणि ते काय म्हणतात? तू खोटं बोलतोस. तुला त्या बारूखाने, तुझ्या लेखकाने, भरवलंय. आणि जातात मिसरात, यिर्मयालाही ओढून नेतात.

आता मागचं पान उलटून बघा. ४१ व्या अध्यायाच्या शेवटी हे लोक बेथलेहेमाजवळ मुक्कामाला आहेत, मिसराच्या वाटेवर. म्हणजे गाठोडी बांधून झाली होती. निघूनही झालं होतं. वाटेत थांबून देवाला विचारलं.

मी पुस्तक मिटलं आणि तत्काळ काय विचार केला असेल? "जाऊ नका, इथेच राहा." मिळालं की वचन! देवाने थांब म्हणून सांगितलं. सकाळी ड्यूटी संपवून येताना मी हलकी झाले होते. नवऱ्याला चहा देताना सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू देवाला विचारत होतीस का कळवत होतीस?"

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

त्याच रविवारी दुपारी पाळकसाहेब आले. फार सज्जन माणूस, आईंच्या पलंगाशी अर्धा तास बसून राहायचे, हात धरून. त्यांनी रूथचा पहिला अध्याय वाचला. "तुम्ही जाल तेथे मी येईन." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमची साक्ष मोठी आहे. रूथने सासूला सोडलं नाही, देवाने तिला दाविदाची पणजी केली. अर्पा गेली, पुढे तिचं नाव नाही." मी मान खाली घातली. डोळ्यात पाणी आलं माझ्या, चांगल्या अर्थाने. आता निर्णय झालाच होता.

ते गेले. मी कप उचलत होते. पलंगावरून आवाज आला.

"अर्... अर्पा."

मी वळले. आईंचा चेहरा एका बाजूने ओढलेला असायचा, पण डोळे शाळेतलेच होते. शब्द शोधत होत्या. आधी "खिडकी" आलं, त्या चिडल्या. मग एकेक करून, "अर्पाचं... काय... चु..."

"चुकलं," मी म्हटलं.

त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं. मग दाराकडे. मग खूप वेळ घेऊन, "जा."

माझ्या लक्षात यायला रात्र झाली. आईंनी मला हे पहिल्यांदा सांगितलं नव्हतं. पत्र आलं त्याच दिवशी त्या "जा" म्हणाल्या होत्या, आणि मी ते त्यागाचं बोलणं समजून सोडून दिलं होतं. नवरा जा म्हणत होता. मुलगी जा म्हणत होती, ती तर इंग्लंडच्या हवामानाचे आकडे सांगायला लागली होती. थांब असं म्हणणारी मी एकटी, आणि मला रूथ म्हणणारी मंडळी. मी घाबरले होते. इंग्रजीला, विमानाला, गोऱ्या पेशंटने काहीतरी विचारावं आणि मला कळू नये याला. तिथे जाऊन ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा असते, दहा स्टेशनं, नापास झालं की पुन्हा द्यायची. इथे मी टाळ्या मिळवणारी सून होते, तिथे शून्यापासून. आणि ही भीती मी आईंच्या पलंगाखाली लपवून ठेवली होती, वर सेवेची चादर. बेचाळिसाव्या अध्यायातले लोकही भीतीनेच मिसरात निघाले होते. फक्त त्यांची भीती त्यांना न्यायला बघत होती आणि माझी मला थांबवायला. मी 'थांबा' हा शब्द उचलला आणि त्या लोकांचं मन वाचायचं विसरले.

एक स्पष्ट करते. माझ्याच बॅचची एक मैत्रीण वडिलांसाठी थांबली, ऑफर सोडून दिली, आणि तिने बरोबर केलं असं मला मनापासून वाटतं. तिच्या वडिलांना दुसरं कोणी नव्हतं. आपल्यात एक खोड आहे, की दोन वाटांपैकी जी जास्त दुखेल ती देवाची. असं कुठे लिहिलंय? तशीच दुसरी खोड म्हणजे बाईच्या बाबतीत देवाची इच्छा नेहमी स्वयंपाकघराच्या आसपासच सापडते.

मग आम्ही कागद घेतला. आईंना कोण, किती वाजता, किती पैशांत. ताईंना फोन केला आणि मी पहिल्यांदा प्रार्थनेची विनंती न करता सरळ विचारलं, "तुम्ही एक महिना आड एक महिना याल का?" ताई गप्प झाल्या. चिठ्ठ्या टाकणं सोपं होतं त्यांना, हे अवघड होतं. रात्री त्यांनी हो म्हणून कळवलं. दिवसाला एक मावशी ठेवली, तिला मी दोन महिने समोर उभं राहून भरवायला शिकवलं. माझ्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या ख्रिस्ती नाहीत. त्या म्हणाल्या, "तुला जायचं नाही म्हणून सासूचं नाव सांगू नकोस, आणि जायचं आहे म्हणून कर्जाचं पण नको सांगू." मला वाटतं तीन आठवड्यांत देवाचं सगळ्यात स्पष्ट बोलणं मला त्या सिस्टरच्या तोंडून ऐकू आलं. गाढवाच्या तोंडूनही तो बोललाय, बलामाच्या. (सिस्टर, हे वाचत असाल तर माफ करा, तसं म्हणायचं नव्हतं.)

सही केली तो मंगळवार होता. शांती वगैरे काही वाटली नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण मला सगळे सांगत होते की देवाची इच्छा असेल तर मनाला शांती वाटते. मला त्या रात्री उलटी झाली. कलस्सैकरांसच्या पत्रात ख्रिस्ताची शांती अंतःकरणात राज्य करो असं आहे, पण पुढे वाचलं तर ते मंडळीत एकमेकांशी कसं वागायचं त्याबद्दल आहे. आणि शांतीच बघायची तर योना बोटीच्या तळाशी गाढ झोपला होता, देवाकडे पाठ करून पळताना. आणि गेथशेमानेच्या बागेत, देवाची इच्छा मान्य करताना, प्रभू येशूला रक्ताच्या थेंबांसारखा घाम आला.

आम्ही नगरवाले, आमच्याकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव काढल्याशिवाय कुठली साक्ष पुरी होत नाही, तर मीही काढते. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. देवाने बोलावलं, ते गेले. उपदेशात आपण इथे थांबतो. पण घरी बायकोला न कळवता गेले. लक्ष्मीबाईंनी पुढची काही वर्षं नवऱ्यावेगळी काढली, लोकांचं बोलणं खात. टिळकांच्या आज्ञापालनाचं बिल त्यांच्या नावावर आलं. नंतर त्या स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी त्या वाटेवर आल्या, हे त्यांचं मोठेपण. मला विमानात हेच आठवत होतं. मी आज्ञा पाळतेय असं म्हणतेय, पण भरणार कोण? आईंना भरवताना मावशीचा चमचा मोठा झाला तर?

जुलै २०२३ मध्ये डर्बीला आले. ऑस्की नॉर्थॅम्प्टनला झाली, पहिल्यांदा एका स्टेशनवर नापास झाले, दुसऱ्यांदा पास. केरळच्या पोरींनी सांभाळून घेतलं, त्यांच्या घरगुती प्रार्थनेत मल्याळममध्ये गातात आणि मी मनात मराठी. रोज नगरच्या संध्याकाळी, म्हणजे माझ्या दुपारी, व्हिडिओ कॉल. आई पडद्याला डाव्या हाताने हात लावायच्या आणि फोन बंद पडायचा.

२०२४ च्या मार्चमध्ये, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या गुरुवारी, आई गेल्या. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया. सोमवारी थोडा ताप होता, मावशीने गोळी दिली, मंगळवारी उतरल्यासारखा वाटला, बुधवारी रात्री श्वास लागला. मला बुधवारी कळलं. मी घरात असते तर सोमवारीच छातीला कान लावला असता. हे मी नर्स म्हणून लिहितेय, यात भावना नाही. कदाचित वाचल्या असत्या, कदाचित नसत्या.

बर्मिंगहॅमहून निघून पोहोचेपर्यंत दफन थांबणार नव्हतं. मी फोनवर पाहिलं. कोणीतरी फोन उंच धरला होता आणि मला फक्त लोकांची डोकी आणि एक लिंबाचं झाड दिसत होतं. पाळकसाहेब गाणं सुरू करत होते, नेटवर्क तुटत होतं. नंतर ताई फोनवर आल्या आणि म्हणाल्या, "तू असतीस तर आई आणखी जगली असती."

मी काही बोलले नाही. काय बोलणार, मी तेच म्हणत होते.

तेव्हापासून मला कित्येकांनी विचारलंय, मग कळलं का, देवाची इच्छा होती का? त्यांना काहीतरी शेवट हवा असतो. कर्ज फिटलं, मुलगी इथल्या कॉलेजात आहे, नवरा एका गोदामात रात्रपाळी करतो आणि म्हणतो इथली थंडी कंपनीतल्या साहेबापेक्षा बरी. हे सगळं त्यांना सांगितलं तर ते म्हणतील, बघा, आशीर्वाद. आईंचं सांगितलं तर म्हणतील, अरेरे. मी दोन्ही सांगते आणि ते गोंधळतात. त्या वेळी जे कळलं त्यावर मी पाऊल टाकलं. पावलांकरिता दिवा असं म्हटलंय स्तोत्रात, आणि दिव्याचा उजेड पावलापुरताच पडतो. सोमवारचा ताप त्यात दिसत नव्हता.

ताई नऊ महिने बोलल्या नाहीत. मग नाताळात त्यांचा करंज्यांचा फोटो आला, खाली काही न लिहिता. मीही माझ्या करपलेल्या करंज्यांचा पाठवला. आता दर रविवारी फोन असतो.

गेल्या रविवारी म्हणाल्या, त्यांच्या मुलाला जर्मनीत नर्सिंगला जायचंय, भाषेची दुसरी पायरी झाली. पण ताईंना गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय. "मी तर प्रार्थनाच करतेय," त्या म्हणाल्या. "तुला काय वाटतं, देवाची काय इच्छा असेल?"

मी विचारलं, "ताई, तुमच्या मनात आधी काय ठरलंय?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "थांब, कुकर झालाय. नंतर करते."

अजून केलेला नाही.